कशावरून बाई

आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण मुलं त्यांना 'कशावरून बाई' म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर नुसतं 'बाई'. मी त्याच शाळेत भूगोल शिकवतो. गेली एकोणीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून आहे आणि या एकोणीस वर्षांत माझं एकही विधान त्यांनी सुखासुखी गिळलेलं नाही. मुख्याध्यापक रजेवर आहेत म्हटलं की त्या विचारतात, "कशावरून?" मी म्हणतो, शिपाई म्हणाला. मग पुढचा प्रश्न तयारच असतो, "शिपायाला कोणी सांगितलं?" अशा बाईंच्या शेजारी बसून डबा खायचा म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून जेवायचं.

ही खोड त्यांना माहेरून आली. वडील कोर्टात नकला करायचे, म्हणजे लोकांच्या जबान्या आणि तक्रारी सुवाच्य अक्षरात दुसऱ्या कागदावर उतरवायचे. संध्याकाळी घरी आले की मुलीला सांगायचे, आज एकाच भांडणाच्या पाच जबान्या उतरवल्या, पाचही जण शपथेवर बोलत होते आणि पाचही भांडणं वेगळी होती. मुलगी विचारायची, मग खरं कोण बोलत होतं? वडील म्हणायचे, ते बघणं माझं काम नाही, माझं काम अक्षराचं. वडिलांनी सोडून दिलेलं ते काम बाईंनी उचललं आणि आजतागायत खाली ठेवलेलं नाही. त्यांचे यजमान बसच्या डेपोत वेळापत्रकं लावतात. फार सज्जन माणूस. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मला यायला उशीर झाला ना, की मी बसचं तिकीट जपून ठेवतो. घरी दाखवायला."

गेल्या वर्षी वरून एक पत्रक आलं. नववीला आठवड्यातून दोन तास नवा विषय सुरू करायचा: मुलांना इतिहासकारासारखा विचार करायला शिकवायचं आणि जगाशी त्यांची ओळख करून द्यायची. पुस्तक नाही, परीक्षा नाही, दुसऱ्या सत्रात पालकांसाठी एक प्रदर्शन तेवढं भरवायचं. इतिहास आणि भूगोल, दोन्ही शिक्षकांनी मिळून. मी कपाळाला हात लावला. पत्रक काढणाऱ्यांचं काय जातं, ते कधी नववीच्या वर्गात उभे राहिलेले नसतात. बाईंनी मात्र ते पत्रक दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातलं थोडं न मागता घेतलं. त्या खूश असल्या की असं करतात.

पहिल्या तासाला त्यांनी शिकवलं काहीच नाही. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडकीची काच फुटली होती, ती कशी फुटली ते प्रत्येकाने अर्ध्या पानात लिहा म्हणाल्या. अडतीस मुलांनी अडतीस प्रकारे काच फोडली. एकाने तर वारा आणला, त्या दिवशी पान हलत नव्हतं. बाईंनी सगळे कागद वाचून दाखवले, मुलं पोट धरधरून हसली, आणि हसू ओसरल्यावर त्यांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. हे कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? यात काय लिहिलेलं नाही? खाली एक रेघ मारून म्हणाल्या, "आणि एकाच कागदावर विसंबायचं नाही. दुसरा शोधायचा. तो सापडेपर्यंत गप्प बसायचं." मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. खोटं कशाला सांगू, मला हेवा वाटला.

माझा वाटा जगाचा. मी मोठा नकाशा टांगला आणि मुलांना सांगितलं, घरातला असा एक कागद आणा की ज्यात आपल्या देशाबाहेरचं काहीतरी असेल. कोणी औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी आणली, कोणी आजीचा जुना पासपोर्ट, कोणी पाण्याच्या पंपाबरोबर आलेलं, सहा भाषांमध्ये छापलेलं आणि एकाही भाषेत न समजणारं माहितीपत्रक. आम्ही प्रत्येक कागदासाठी आपल्या गावापासून त्या ठिकाणापर्यंत नकाशावर लाल दोरा ताणायचो. महिन्याभरात नकाशा दोऱ्यांनी भरला. मला भूगोल शिकवताना इतकी मजा पूर्वी कधी आली नव्हती आणि हे मी बाईंना अजूनही सांगितलेलं नाही.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. वडील शिवणयंत्रं दुरुस्त करतात, म्हणून वर्गात तिचं नाव पडलं होतं बॉबिन. ती सगळ्यात शेवटी आली, पण आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. आत तेरा पत्रं. तिच्या आजोबांची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची. बेचाळीस वर्षांपूर्वी ते कामासाठी पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या एका बंदरात गेले होते, गोदीतल्या क्रेनवर. तिथून अडीच वर्षं पत्रं आली, मग ते एका लांबच्या जहाजावर चढले आणि ते जहाज परत आलं नाही. बॉबिनचे बाबा तेव्हा अकरा वर्षांचेही नव्हते. आई अंथरुणाला खिळलेली, मग तीही गेली. बाबांना वाढवलं ते त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे बॉबिनच्या आत्याने. सोळाव्या वर्षी शाळा सोडून.

ती पत्रं म्हणजे त्या घराचा कणा होता. बाबांना तेराच्या तेरा तोंडपाठ. एखादं मशीन तीन-तीन दिवस दाद देईना तरी ते सोडायचे नाहीत, म्हणायचे, वडील लिहायचे की हातातलं काम अर्धवट टाकू नये. डबा शाळेत द्यायला त्यांनी पंधरा दिवस लावले आणि शेवटी स्वतःच्या हाताने फडक्यात गुंडाळून दिला. प्रदर्शनाला येण्यासाठी त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं चालू करून देणारा माणूस, स्वतःसाठी पहिल्यांदाच काहीतरी शिवून घेत होता. हे बॉबिननेच आम्हाला सांगितलं, थोडं लाजून.

आणि मग मी तोंड उघडलं.

ती सातवं पत्र वाचत होती. वर तारीख होती डिसेंबरची. "इकडे थंडी मी म्हणते आहे. सकाळी बोटं वाकत नाहीत. दिवस लवकर मावळतो. तुझ्याही हातांना भेगा पडल्या असतील. झोपताना तेल लावत जा आणि ताईचं ऐक." मी नकाशापाशी, दोऱ्याचं टोक त्या बंदरावर धरून उभा. आणि जे भूगोलाच्या मास्तराशिवाय दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येणार नाही ते मी मोठ्याने बोललो. "डिसेंबरात थंडी? अगं, तिकडे डिसेंबरात भर उन्हाळा. तुझे आजोबा उन्हात कुडकुडत होते की काय?"

वर्ग हसला. बॉबिनही हसली. मग ती हसायची थांबली, आणि थांबलेली मला दिसली. बाईंनाही दिसली. त्यांनी घंटेची वाट न बघता तास संपवला.

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला फैलावर घेतलं. "सर, एका वाक्यावरून निकाल देऊन मोकळे झालात."

मी म्हटलं, "मी निकाल कुठे दिला? मी ऋतू सांगितला."

"तेच ते."

शाळा सुटल्यावर बॉबिन आपण होऊन आली. तिने तोवर उत्तर शोधून आणलं होतं. म्हणाली, "बाई, आजोबा नंतर शीतगृहात कामाला लागले असतील. तिथे बाराही महिने थंडी असते ना." बाईंचा चेहरा उजळला. पोरगी नुसती रडत बसली नव्हती, दुसरी शक्यता घेऊन आली होती. हेच तर त्या वर्षभर शिकवत होत्या. "असू शकतं," त्या म्हणाल्या. "तपासू या."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघांनी लांबट टेबलावर तेरा पत्रं ओळीने मांडली. मला मनापासून वाटत होतं की माझंच चुकलेलं निघावं. पण शीतगृहात कितीही थंडी असली तरी बाहेरचा दिवस काही लवकर मावळत नाही. पहिली चार पत्रं पातळ निळसर कागदावर, पाकिटासकट, तिकिटांवर तिकडचे शिक्के. उरलेल्या नऊंना पाकीटच नाही. पाकिटं भिजली म्हणून टाकून दिली, असं आत्या सांगायची. नऊही पत्रांचा कागद रेघांचा, डाव्या अंगाला समास आणि कडेला वहीतून फाडल्याच्या खुणा. पहिल्या चारांत आजोबा लिहितात की काम बरं आहे, जागा लहान आहे, मुलं ठीक असतील. मुलाचं नाव एकदाही नाही. आणि पाचव्या पत्रापासून त्यांना एकदम मायेचा पान्हा फुटलेला. गणिताचा पेपर कसा गेला, पुढचा दात पडला तो आला का, शेजारच्या मुलाशी मारामारी करू नको. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी न चुकता, ताईचं ऐक. नऊ पत्रं, नऊ वेळा. समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाला ताईची बाजू घ्यायची इतकी हौस कशी, हे बेचाळीस वर्षांत त्या घरात कोणी विचारलं नव्हतं.

बाई एकेक पत्र पुन्हा उचलून बघत राहिल्या. बोलली ती मुलगीच. "बाई, हे आत्याचं अक्षर आहे. मुद्दाम मोठं आणि तिरकं काढलंय. पण ती दुधाच्या चिठ्ठीवर 'अर्धा' लिहिते ना, अगदी तसंच." मग तिने विचारलं, "आता बाबांना सांगायचं का?"

बाई म्हणाल्या, "मला दोन दिवस दे." त्यांना इतका साधा प्रश्न उद्यावर ढकलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आत्याला भेटायला गेलो. त्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम करतात. तळघरातली लांब खोली, वाफेने भरलेली, एका बाजूला धुलाईची यंत्रं, दुसऱ्या बाजूला दोन-दोन बायका समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालताहेत. आत्या मोठ्या इस्त्रीपाशी होत्या. अंगाने किरकोळ, पण कोपरापासून खालचे हात एखाद्या गड्याचे. बाईंनी स्वतःची ओळख सांगितली, पत्रांचा विषय काढला.

"थंडीचं ना?" आत्याच म्हणाल्या. त्यांनी हातातली चादर पूर्ण केली, कडा जुळवल्या आणि मगच आमच्याकडे वळल्या. "मला पुढे इथल्याच एका नर्सने सांगितलं, तिकडे सगळं उलटं असतं म्हणून. तोवर त्याची पत्रं पाठ झाली होती. काय बदलणार होते?"

"तुम्ही का लिहिलीत?" बाईंनी विचारलं.

"चार आली, मग बंद झाली. तो शाळेतून आला की दारात बसायचा पोस्टमनची वाट बघत. जेवायला उठायचा नाही. पहिलं मी नुसतं त्याने जेवावं म्हणून लिहिलं. मग त्याने उत्तर लिहिलं. उत्तर आलं म्हटल्यावर आपल्याला गप्प बसता येतं का?"

"आणि तुमचे वडील?"

"कोणास ठाऊक. मेले असतील, नाहीतर तिकडेच संसार थाटला असेल. मी शोध नाही घेतला. शोधलं असतं आणि सापडले असते, तर काय करणार होते मी?" त्या पुढची चादर ओढून घेत म्हणाल्या, "शेवटी हात दुखायला लागला. म्हणून त्यांना त्या जहाजावर चढवलं."

हे त्या अगदी सहजपणे बोलल्या. मी बाईंना खुणेने म्हणत होतो, चला. पण बाई जागच्या हलेनात. "तुम्ही त्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी मुलगी प्रदर्शनाचा तक्ता लावेल, त्याच्या आत. तिला कळलंय. ती बापासमोर उभी राहून खोटं कसं वाचेल?"

"मी बेचाळीस वर्षं उभी आहे," आत्या म्हणाल्या.

"म्हणून म्हणते. ती पंधराची आहे."

आत्यांनी इस्त्रीचा दांडा खाली ओढला, वाफेचा लोट उठला, आणि त्यातून एवढंच ऐकू आलं, "बुधवार म्हणालात ना."

परत येताना रस्त्यातच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, हा काय गृहपाठ आहे? अमुक तारखेच्या आत आणून द्या? त्या बाईने आयुष्य घातलंय त्या नऊ पत्रांत आणि तुम्ही मुदत देऊन आलात." त्या जागीच थांबल्या. मग म्हणाल्या, "सर, विचार, विचार म्हणून मीच तिच्या मागे लागले. आता तिने विचारलं तर तिला गप्प बस म्हणू? मग वर्षभर मी फळ्यावर काय लिहीत होते?" मी कोणत्या तोंडाने बोलणार, ठिणगी तर मीच टाकली होती.

आत्यांनी मंगळवारी संध्याकाळी भावाला सांगितलं. बुधवारी पहिल्या तासाच्या आधी बॉबिनचे बाबा शाळेत आले. कामाच्याच कपड्यांत, मनगटापर्यंत तेलाचे डाग. नवव्या इयत्तेच्या वर्गात बाई आणि मी तक्ते लावत होतो. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"डबा द्या," ते म्हणाले.

बाईंनी डबा दिला. आणि मग त्यांनी जे करायला नको होतं ते केलं, त्या शिकवायला लागल्या. त्यांचा त्या बोलण्यावर विश्वास होता. "ही पत्रं खोटी नाहीत हो. ती त्या बंदराबद्दल काही सांगत नाहीत, पण तुमच्या घराबद्दल सांगतात. थंडी तिकडे नव्हती, ती तुमच्या घरात होती. भेगा तुमच्याच हातांना पडल्या होत्या आणि त्या कोणीतरी बघत होतं. म्हणून तर ते वाक्य चुकलं."

त्यांनी डबा काखेत धरला. मग म्हणाले, "मला अभ्यास नको, बाई. कालपर्यंत मला वडील होते."

बाईंच्या हातातली टाचणी तशीच राहिली.

"ताईला सांगितलंय, वर येऊ नकोस म्हणून," ते जाताना म्हणाले. ताई त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, भाऊ तिसऱ्या मजल्यावर. रोज संध्याकाळचं जेवण एकत्र, इतकी वर्षं. "आणि माझ्या मुलीला या तासाला बसवू नका. तिला गणित शिकवा, भाषा शिकवा. हे नको."

प्रदर्शन झालं. मुख्याध्यापक म्हणाले, तो मधला तक्ता रिकामा वाईट दिसतो, तिथे झाडाचं चित्र लावा. बाईंनी लावू दिलं नाही. पालक येत होते, पंपाचं माहितीपत्रक बघून हसत होते, रिकाम्या तक्त्यापाशी थबकून विचारत होते की इथे काय होतं. बाई प्रत्येकाला म्हणाल्या, "एका मुलीचं काम होतं. माझ्यामुळे राहिलं." बॉबिन आली नव्हती. नवा शर्ट शिवून झाला असेल की नाही, हा विचार उगाच माझ्या डोक्यात येत राहिला.

त्यानंतरचे दीड-दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात वाईट. बॉबिन इतर तासांना यायची, बाईंच्या तासाला वाचनालयात जाऊन बसायची. तिच्याकडून तुकड्या-तुकड्याने कळायचं. आत्या खाली एकटी जेवते. बाबा जिन्यात आत्या दिसली तर परत फिरतात. एकदा आत्याने ताट झाकून पायरीवर ठेवलं, ते तसंच खाली गेलं. बाई हे ऐकत आणि मान खाली घालून वह्या तपासत. त्यांनी 'कशावरून' विचारणं सोडलं होतं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "शाळेला उद्या सुट्टी आहे, म्हणे." ते धादांत खोटं होतं. त्या म्हणाल्या, "असं का? बरं." मला धडकीच भरली. ज्या प्रश्नाने मला एकोणीस वर्षं वैताग दिला, तो परत यावा म्हणून मी काहीच्या काही बोलायला लागलो. चंद्रावर वादळ झालं म्हणालो, तरी बाई 'हो का' म्हणून मोकळ्या.

आणि एके दिवशी टपालात एक जाड पाकीट आलं. बाईंच्या नावावर, शाळेच्या पत्त्यावर, तिकिटं परदेशी. मी तिकिटावरचं बंदराचं नाव वाचलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिल्याच संध्याकाळी पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते थंडीचं बोललात ना, त्याच दिवशी घरी जाऊन. त्या बंदराच्या जुन्या नोंदींच्या कचेरीला. आजोबांचं नाव, साल, गोदी. आत्यांचं अजून कळायचं होतं. मला वाटलं दुसरा पुरावा मिळाला तर मुलीचं शीतगृह तरी खरं ठरेल." मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या घरातल्या कोणालाही विचारलं नाही मी. सवय हो. कागद दिसला की दुसरा शोधायचा."

मी म्हटलं, "नाव तुमचं आहे. फोडा."

आता त्या फोडतील अशी माझी खात्री होती. जिला शिपायाला कोणी सांगितलं हेही कळल्याशिवाय घास गिळवत नाही, ती बाई हातात आलेलं उत्तर किती वेळ बंद ठेवणार? आत काय असेल याच्या मी मनात चिठ्ठ्या टाकल्या. मृत्यूची नोंद. लग्नाची नोंद. नाहीतर, आपण विचारलेल्या व्यक्तीची माहिती उपलब्ध नाही. बाईंनी पाकीट उलटसुलट केलं, पर्समध्ये घातलं आणि दोन दिवस तसंच घेऊन फिरल्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना म्हणाल्या, "माझ्याबरोबर येता का? एकटीने जिना चढवणार नाही मला."

बॉबिनच्या घराची पुढची खोली म्हणजेच बाबांचं दुकान. भिंतीला लागून मशीनची मुंडकी रांगेत, खिळ्यांवर चामडी पट्टे, खिडकीत तेलाची पळी. ते एका उघड्या मशीनवर वाकलेले होते. बॉबिन आतल्या दारात पुस्तक घेऊन बसली होती, आम्हाला बघून उभी राहिली. कोणी आम्हाला बसा म्हणालं नाही, म्हणून आम्ही उभेच राहिलो.

बाईंनी पाकीट मशीनच्या शेजारी ठेवलं. "हे तुमच्या वडिलांबद्दल आहे. तुम्हाला न विचारता मी मागवलं होतं, आत्यांचं कळायच्या आधी. ती माझी चूक. उघडलेलं नाही."

"काय आहे आत?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला," ते म्हणाले, "आणि माहीत नाही."

त्यांनी फडक्याने हात पुसले. मग पुन्हा पुसले. पाकीट उचललं, तिकिटं पाहिली, शिक्क्यावरची अक्षरं बोटाने चाचपली. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्या माणसाच्या हातात तिकडचं नवं पाकीट पडलं होतं. स्क्रू काढायचं बारीक हत्यार त्यांनी पाकिटाच्या कडेला लावलं, आणि हात तिथेच राहिला. त्यांनी हत्यार खाली ठेवलं.

"खाली जा," ते मुलीकडे न बघता म्हणाले. "आत्याला वर बोलाव."

बॉबिनला खरं वाटेना. "काय सांगू तिला?"

"सांग, पत्र आलंय."

ती पळतच गेली. आणि बाईंनी पर्स खांद्याला लावली. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. दहा मिनिटं थांबलो असतो तर सगळा उलगडा झाला असता, आणि एवढ्या सगळ्या घोळानंतर तो आमचा हक्क आहे असं निदान मला तरी वाटत होतं. मी हळूच तसं म्हटलंही. बाईंनी माझी बाही धरली आणि मला दाराबाहेर काढलं. त्या पाकिटात काय निघालं ते आम्हाला आजही माहीत नाही. बॉबिन सांगत नाही, आणि बाई विचारत नाहीत.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आत्या भेटल्या. एका हाताने कठडा धरून, धापा टाकत वर येत होत्या. आम्ही भिंतीला चिकटून वाट दिली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. केस अर्धवट विंचरलेले होते, आणि पायात चपला नव्हत्या.